मशीन आधी माळ्यावर टाका

प्रश्न : आजी गेल्यावर तिच्या झोपायच्या खोलीतलं सामान माझ्या वाट्याला आलं. पलंग, दोन दारांचं कपाट आणि आरशाचं ड्रेसिंग टेबल. बारा-तेरा वर्षं ते एका बंद खोलीत पडून होतं. पलंगावर कूस बदलली तरी तो करकरतो. टेबलाच्या वरच्या फळीवर पांढरी वर्तुळं आहेत, एका कोपऱ्यात काळा डाग आहे. कपाटाचे ड्रॉवर उघडले की कुबट वास येतो. मी हौसेने सँडिंगचं मशीन आणलं, दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि टेबलापासून सुरुवात केली. दहा मिनिटं छान चाललं होतं. मग मधोमध तळहाताएवढा फिकट पिवळा चट्टा उमटला. तेव्हापासून दोन आठवडे मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. नवरा म्हणतो, सगळ्याला पांढरा रंग मार, चट्टाही झाकेल आणि खोलीही उजळेल. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही. सगळं घासून नव्यासारखं करता येईल का? आणि एक बारीक शंका. पलंगाच्या आतल्या बाजूला पटाशीने मारल्यासारख्या रेघा आहेत, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. पॉलिश करताना त्या बुजवायच्या का?
– चट्टा पाडून बसलेली

ताई, त्या खोलीत परत जा. मशीन तेवढं माळ्यावर टाका.

तुमच्या हातून जे झालं ते या कामाला हात घालणाऱ्या पुष्कळांच्या हातून एकदा तरी होतं. माझ्या हातून कपाटाचं अख्खं दार गेलं होतं. चट्टा दिसल्यावर मी थांबलो नाही. ‘कडेने थोडं घासलं की मिसळून जाईल’ म्हणत तासभर घासत राहिलो आणि बशीएवढा चट्टा दाराएवढा केला. तुम्ही तळहातावर थांबलात, म्हणजे अजून पुष्कळ हातात आहे.

तो पिवळा भाग म्हणजे खालचं लाकूड. टेबलाची वरची फळी एकसंध नाही. खाली साधं लाकूड किंवा प्लायवुड आणि त्यावर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, म्हणजे व्हेनिअर. यात फसवाफसवी काही नाही. तुतनखामूनच्या थडग्यातून १९२२ नंतर जे सामान बाहेर आलं, त्यातही व्हेनिअरचं काम आहे. सुंदर रेषांचं रुंद लाकूड हवेतल्या ओलाव्याने वाकतं, चिरतं. तेच पातळ कापून स्थिर पाट्यावर बसवलं की शांत राहतं. पूर्वी करवतीने कापलेलं व्हेनिअर एक-दोन मिलिमीटर जाड असायचं. यंत्राने सोललेलं मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यावर ८० नंबरचा पेपर लावून मशीन फिरवलं की ते मिनिटभरात आरपार जातं.

बाकीच्या दोन नगांना हात लावण्याआधी ते भरीव आहेत की व्हेनिअरचे, हे बघून घ्या. फळीची कड निरखा. भरीव लाकडात वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात आणि टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं दिसतात. व्हेनिअरमध्ये कडेला एक बारीक सरळ रेघ दिसते आणि तिच्या वर-खाली रंग वेगळा. दाराची पुढची बाजू आणि मागची बाजू ताडून पाहा. गाठ पुढे आहे आणि मागे त्याच जागी तिचा पत्ताच नाही, तर तेही व्हेनिअर. माझा अंदाज आहे की तुमचा पलंग भरीव निघेल आणि कपाटाची दारं व्हेनिअरची.

आता ‘घासून नव्यासारखं’ हा प्रश्न. तसं करू नका. जुन्या लाकडाचा जो रंग आपल्याला आवडतो तो आतपर्यंत गेलेला नसतो. उजेडाने आणि हवेने वरचा अगदी पातळ थर बदललेला असतो. तो घासून काढला की खाली कालच कापल्यासारखं लाकूड लागतं, आणि मग लोक त्यावर ‘अँटिक’ छटेचा डाय मारतात! शिवाय वर्षानुवर्षं हात लागून गोल झालेल्या कडा आणि हातवापराच्या जागचा गडद रंगही त्या भुश्यात जातो. तुमच्या वर्णनावरून या सामानाला मुळात घासण्याची गरज होती असं मला वाटत नाही. त्याला आंघोळ हवी होती.

पण आंघोळीच्याही आधी किडीचा तपास. बारा वर्षं बंद खोलीत होतं म्हणता, तर तिन्ही नग उलटे करून तळ, पाठ आणि खणांच्या आतल्या बाजू टॉर्च लावून पाहा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. भोकं दिसली म्हणून घाबरू नका, ती किडा बाहेर पडल्याची असतात आणि कदाचित वीस वर्षांपूर्वीची असतील. खाली काळा कागद अंथरून दोन-तीन आठवडे ठेवा. कागदावर फिकट, पिठासारखी ताजी भुकटी पडली तर किडा आत जिवंत आहे, आणि तो नग झोपायच्या खोलीत न नेता आधी कीडनाशक करून घ्या. औषध पॉलिशमधून आत मुरत नाही, उघड्या लाकडातूनच मुरतं. म्हणून ते मागच्या आणि आतल्या कोऱ्या बाजूंनी लावायचं असतं. पलंगाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत ढेकूणही शोधा. बारीक काळे ठिपके ही त्यांची खूण.

मग धुणं. धुणं म्हणजे बादली ओतणं नव्हे. मऊ ब्रशने धूळ झाडा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका, फडकं घट्ट पिळून घ्या, वीतभर जागा पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने कोरडी करा. मग पुढची वीत. व्हेनिअर जिथे सुटलंय तिथे पाणी लावूच नका. सगळं वाळलं की दुसऱ्या फेरीत टर्पेंटाइनने ओलावलेलं फडकं. पाण्याने न निघणारं जुनं मेण, तेलकटपणा आणि हातांचा मळ टर्पेंटाइनने निघतो आणि खालच्या पॉलिशला सहसा धक्का लागत नाही. फडकं चहाच्या रंगाचं होईल आणि तुम्हाला वाटेल रंग चाललाय. तो बहुतेक मळच असतो. टर्पेंटाइनने पृष्ठभाग ओला असतानाच नीट बघून घ्या, कारण नवं पॉलिश लावल्यावर लाकूड साधारण तसंच दिसणार आहे. ते दृश्य आवडलं तर अर्धं काम झालेलं आहे. या पायरीवर थांबून, थोडं मेण चोळून समाधानी झालेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही.

पुढे जायचं असेल तर जुनं पॉलिश कोणतं आहे हे कळायला हवं. ही परीक्षा मला फार आवडते, कारण दोन थेंबांत वस्तू स्वतःची माहिती देते. टेबलाच्या खालच्या कडेवर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटा-दोन मिनिटांनी बोटाने चाचपा. चिकट लागलं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब टाका. आता विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. यातून वयाचाही अंदाज बांधता येतो. कारखान्यात बनणाऱ्या फर्निचरवर लाखेची जागा लॅकरने १९२० च्या दशकापासून घ्यायला सुरुवात केली आणि पॉलियुरेथेन त्यानंतर बरंच उशिरा आलं. मात्र हाताने काम करणारे सुतार त्यानंतरही चपडाच वापरत राहिले, तेव्हा चपडा निघाला म्हणून वस्तू शंभर वर्षांची असं समजू नका.

तुमच्या टेबलावर लाखच असावी असं मला पांढऱ्या वर्तुळांवरून वाटतं. लाख म्हणजे एका किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश होतं. स्पिरिटमध्ये विरघळणारी वस्तू वाळल्यावरही स्पिरिटला घाबरतेच, आणि अत्तराच्या फवाऱ्यात बहुतांशी अल्कोहोलच असतं. ड्रेसिंग टेबलावर वर्षानुवर्षं बाटल्या ठेवल्या की वर्तुळं पडणारच. ओल्या भांड्याचं वर्तुळही तसंच दिसतं. त्यात पॉलिशच्या थरात ओलावा अडकून ढगासारखा पांढरेपणा येतो.

पण जी गोष्ट स्पिरिटने बिघडते ती स्पिरिटनेच दुरुस्त होते, हा लाखेचा मोठा गुण आहे. सुती कापडात कापसाचा बोळा बांधा, स्पिरिटचे दोन-चार थेंब टाका, हाताच्या पाठीवर टेकवून पाहा. गार वाटावं पण ओलं लागू नये इतकंच. त्याने वर्तुळावरून हलका, न थांबता हात फिरवा. बोळा एका कडेने उतरला पाहिजे आणि दुसऱ्या कडेने उचलला गेला पाहिजे, मध्ये कुठेही थबकला तर तिथे चिकटून खड्डा करील. दोन-तीन फेऱ्यांत ढग विरतो. जिथे पॉलिशला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात तिथेही हाच इलाज, फक्त स्पिरिट थोडं जास्त. जुनाच थर विरघळतो, भेगा मिटवून पुन्हा बसतो. बाहेरून नवं काहीच लागत नाही. हे काम कोरड्या हवेच्या दिवशीच करा. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि एक वर्तुळ घालवताना सगळी फळी पांढुरकी होते.

पॉलिश झिजून गेलं असेल तिथे नवा चपडा द्या. एक लिटर स्पिरिटला १२० ते १५० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजू द्या, कापडातून गाळा. पातळ थर आणि पुष्कळ थर. लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे मधे घासत बसावं लागत नाही. भिजवलेला चपडा वर्षानुवर्षं ठेवू नका. जुना झाला की तो नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहतो. शंका असेल तर काचेवर थेंब टाकून वाळतो का बघा. अत्तराचं टेबल पुन्हा अत्तरासाठीच वापरणार असाल तर शेवटचा थर तेलाच्या व्हार्निशचा असू द्या, आणि त्याखाली मेण काढलेला चपडा घ्या. साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पॉलियुरेथेनचं व्हार्निश नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

काळ्या डागाची गोष्ट वेगळी. तो पॉलिशमध्ये नाही, लाकडात आहे. लोखंड आणि पाणी लाकडातल्या टॅनिनशी भेटलं की शाई तयार होते, अक्षरशः. जुन्या काळी लिहायची शाई याच मिश्रणातून करत. कोपऱ्यात पत्र्याचा डबा किंवा खिळ्याच्या तळाचं काहीतरी ओलं राहिलं असणार. तेवढ्या भागावरचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण लावा, वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा लावा, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच, मुलांपासून दूर ठेवायचं, आणि लावायला धातूचं भांडं किंवा तारेचा ब्रश घ्यायचा नाही. वाळलेले स्फटिक कोरडे झटकू नका, ती भुकटी नाकातोंडात जाते.

आता तुमचा चट्टा. तीन वाटा आहेत. पहिली, रंगवून लपवणं. उघड्या लाकडावर पातळ चपड्याचा एक थर द्या म्हणजे रंग वेडावाकडा शोषला जाणार नाही. मग चपड्यातच रंगद्रव्य मिसळून आजूबाजूच्या लाकडातली सर्वांत फिकट छटा भरा. त्यावर अगदी बारीक कुंचल्याने गडद रेषा काढा, शेजारच्या रेषा जिथे तुटल्यात तिथून पुढे नेत. जवळून कळेल, दारातून कळणार नाही. तळहाताएवढ्या जागेला हे एका दुपारचं काम आहे आणि बिघडलं तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा सुरू करता येतं, म्हणून मी आधी हेच करायला सांगेन. दुसरी वाट म्हणजे ठिगळ. त्याच जातीचं व्हेनिअर मिळवायचं आणि होडीच्या आकाराचा तुकडा कापून बसवायचा. होडीचा आकार अशासाठी, की रेषांना आडवा छेद देणारा सांधा लगेच डोळ्यात भरतो, तिरपा सांधा रेषांमध्ये हरवतो. ठिगळ शेजारच्यापेक्षा किंचित वर ठेवून नंतर हाताने समपातळी करायचं. तिसरी वाट सगळी फळी नव्याने व्हेनिअर करून घेणं, ते कारागिराकडून करवून घ्या. खरं तर चौथीही आहे. त्या जागी आरशापुढचं कापड अंथरायचं आणि पाच वर्षं विसरून जायचं. ती मी स्वतः निवडलेली आहे.

व्हेनिअर कुठे फुगलं असेल आणि ते जुन्या सरसाने चिकटवलेलं असेल तर फुग्यावर कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मग कागद, फळी आणि वजन. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून हे जमतं. नाही बसलं तर ब्लेडने रेषेच्या दिशेने चीर देऊन सिरिंजने पांढरा गोंद आत सोडा.

पलंगाकडे येऊ. करकर म्हणजे कुठेतरी लाकूड लाकडावर घासतंय. आधी सगळ्यात सोपं बघा. उशा-पायथ्याच्या पाट्यांना बाजूच्या लांब दांड्यांशी जोडणारे बोल्ट किंवा हूक सैल झाले असतील, ते आवळा. आडव्या पट्ट्या दांडीवर जिथे टेकतात तिथे मेणबत्ती घासा किंवा फेल्टची पट्टी चिकटवा. माझ्या अनुभवात निम्मी करकर इथेच संपते. उरलेली पायांच्या आणि पाट्यांच्या सांध्यांतून येते, जिथे एका लाकडाची जीभ, जिला सुतार कुसू म्हणतात, दुसऱ्याच्या खाचेत बसलेली असते आणि मधला सरस वाळून चुरा झालेला असतो. अशा सांध्यात खिळा मारू नका. मी हात जोडून सांगतो. खिळा सांधा घट्ट करत नाही, लाकूड मात्र फोडतो, आणि पुढच्या माणसाला तो सांधा उघडणंही अशक्य करून ठेवतो.

सैल सांधा पूर्ण उघडा. निघत नसेल तर कोमट पाण्याची ओल देऊन थोडं थांबा, सरस असेल तर सुटेल. जुना सरस खरवडून आणि ओल्या फडक्याने पुसून काढा, कारण पांढरा गोंद जुन्या सरसावर धरत नाही, त्याला लाकूडच लागतं. कुसू खाचेत ढिला बसत असेल तर गोंद जास्त ओतून फायदा नाही. त्याला पातळ व्हेनिअरची पट्टी चिकटवून जाड करा. मग गोंद, जोडणी आणि आवळणं. शिकंजे नसतील तर दोरीचा वेढा घाला, मधे काठी अडकवून पीळ द्या, कडांना पुठ्ठा लावा. वाळायला ठेवण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. एक कर्ण जास्त असेल तर त्या दिशेने दाबून सारखे करा, कारण २४ तासांनंतर वाकडेपणा कायमचा होतो. आणि बाजूच्या लांब दांड्या उशा-पायथ्याला कधीही गोंदाने चिकटवू नका, नाहीतर पलंग दारातून बाहेर निघणार नाही.

कपाटाच्या दारात चौकटीत बसवलेली फळी असेल आणि ती सैल वाजत असेल तर तिलाही गोंद लावू नका. ती मुद्दाम सैल असते. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. फळीला हलायला जागा नसली की ती मधोमध चिरते. बिजागरीच्या स्क्रूची भोकं मोठी झाली असतील तर काड्यापेटीच्या काड्यांची गुलं काढून, गोंदात बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर कापा, पुन्हा स्क्रू घाला.

कुबट वासासाठी ड्रॉवर बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर उघडे ठेवा. कडक उन्हात नको, व्हेनिअर उठेल. मग आतून पुसून, वाळवून चपड्याचे दोन पातळ थर द्या. वास कोंडून ठेवण्यात चपडा पटाईत आहे. तेलाचं फिनिश आत कधी लावू नका. बंद जागेत ते महिनोन्महिने वास मारतं आणि कपड्यांना लागतं. ड्रॉवर अडकत असतील तर सरकपट्ट्यांवर मेणबत्ती चोळा. साबण चोळण्याची जुनी युक्ती आहे, पण साबण ओल धरतो.

आरशाचा पारा उडाला असेल तर राहू द्या. आपण ‘पारा’ म्हणतो खरं, पण काचेवर चांदीचा थर चढवायची रीत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली आणि पुढे पाऱ्याची जागा चांदीने घेतली. आरसा त्याहून जुन्या पद्धतीचा असण्याची थोडी जरी शंका असेल तरी मागची बाजू खरवडू नका, पाऱ्याची वाफ चांगली नाही.

आता तुमच्या यजमानांचा पांढरा रंग. माझा विरोध आहे, पण तो धर्मयुद्धाइतका नाही. भुश्याच्या दाबपाट्याचं कपाट असतं तर मीच म्हटलं असतं, मारा. तुमच्या लाकडाबाबत एक व्यावहारिक अडचण सांगा त्यांना. गडद लाकडातला रंग पांढऱ्यातून वर येतो, महिन्याभरात पिवळे-गुलाबी डाग उमटतात, आणि ते रोखायला खाली लाखेचा प्रायमर लागतोच. शिवाय मळ आणि मेण न काढता मारलेला रंग नखाने सुटतो. म्हणजे धुण्याचं काम त्यांच्याही वाटेवर आहे. तेव्हा दोघांनी मिळून आधी धुवा, टर्पेंटाइनचा हात फिरवा, आणि मग काय ते ठरवा. तेव्हाही रंगच हवा असेल तर चपड्याचा थर खाली ठेवून रंगवा, म्हणजे रंग लाकडाच्या छिद्रांत उतरणार नाही आणि पुढे कुणाला काढावासा वाटला तर निघेल.

चार धोक्यांबद्दल मात्र सबुरी नको. सामानावर कधी जुना रंग मारलेला आढळला तर तो कोरडा घासू नका, जाळू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, भारतात ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. रंग काढायच्या जेलमध्ये मिथिलीन क्लोराइड असेल तर ते घरात आणूच नका, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. आणि अळशीच्या तेलाचे बोळे! ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चुरगळून टाकलेल्या फडक्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि कुणी काडी न लावता काही तासांत आग लागते. वापरलेली फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. लाकडाचा भुसाही साधा नाही, त्याने नाकाचा कर्करोग होऊ शकतो. हाताने घासतानाही चांगला मास्क लावा.

हाताने घासायची वेळ आलीच, म्हणजे पलंगाच्या भरीव भागावर कुठे खडबडीत झालं असेल, तर रेषेच्या दिशेने १२०, १५०, १८० असे नंबर चढत जा आणि १८० वर थांबा. पेपर बोटांत न धरता लाकडी ठोकळ्याला गुंडाळा.

राहिल्या पलंगाच्या रेघा. त्या बुजवू नका, त्यांच्यावर पेपरही फिरवू नका. हाताने केलेल्या कामात प्रत्येक कुसू त्याच्याच खाचेसाठी तासलेला असतो, दुसरीकडे तो बसत नाही. कोणता कुठे जातो हे विसरू नये म्हणून सुताराने जोडीच्या दोन्ही लाकडांवर सारख्या रेघा मारल्यात. एक रेघेचा पाय एक रेघेच्या दांडीला, तीनचा तीनला. पुढच्या आठवड्यात पलंग उघडाल तेव्हा आधी मोबाइलवर सगळ्या रेघांचा फोटो काढून ठेवा. चौथ्या सांध्यावर बहुतेक चार रेघा असतील. नसतील तर तो पाय कुणीतरी नंतर बदललेला आहे, आणि करकर तिथूनच येत असण्याची शक्यता मोठी.